पांढऱ्या पट्ट्याचं पातेलं

तोंडात दारूचा घोट भरायचा, गाल फुगवायचे, डोळे बारीक करायचे आणि मोठ्या डेगेतल्या कच्च्या मटणावर फुर्रकन फवारा मारायचा. आमच्या वस्तादाच्या स्वयंपाकाची सुरुवात अशी व्हायची. पूर्वी परीट इस्त्री करताना धोतरावर तोंडानं पाणी फवारायचे ना, अगदी तसं. फवारा मारून झाला की तोंडात उरलेलं तो गिळायचा, मिशी टॉवेलानं पुसायचा आणि माझा चेहरा बघून म्हणायचा, "काय होत न्हाय अप्पा. आच लागली की समदं उडून जातंय."

मी तोंड फिरवायचो. आज हे लिहितानाही नाक मुरडलं जातं.

त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे वस्तादच म्हणायचे. मटणाचा स्वयंपाक करण्यात आमच्या भागात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं खाणारे सांगतात. मी सांगू शकत नाही. आम्ही लिंगायत. आमच्या घरात मटण नाही, अंडं नाही आणि दारूचा तर विषयच नको. पण माझा धंदा मंडप आणि भांडी भाड्यानं द्यायचा, तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटला हायवेच्या कडेला दुकान. आमच्या भागात लग्नात गोडाचं जेवण असलं तरी लग्न उरकल्यावर मांडव परतणीला मटण लागतंच, आणि भांडी भाड्यानं देणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या पोटात डोकावून चालत नाही. म्हणून मी भांड्यांचे दोन भाग केले होते. मटणाच्या भांड्यांना कडेनं लाल पट्टा, बाकीच्यांना पांढरा. लाल पट्ट्याची भांडी मागच्या शेडात, पांढऱ्या पट्ट्याची दुकानात. दोन्हींच्या घासण्यासुद्धा वेगळ्या. गाव हसायचं, हसू दे. परत आलेल्या प्रत्येक भांड्यात नाक घालून वास घेतल्याशिवाय मी ते फळीवर ठेवत नाही.

वस्तादाकडून आलेल्या डेगेत मात्र नाक घालायची गरज नसायची. ती टेम्पोतून उतरायच्या आधीच कळायची. शिळं तूप, तंबाखू, घाम आणि त्या सगळ्यावर दारू. मी त्याला तोंडावर सांगायचो, "वस्ताद, तुमची डेग तीन पाण्यानं घासली तरी वास जात नाही." तो पिवळे दात दाखवून हसायचा. त्याला ती तारीफ वाटायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. अंगभर मळ आणि त्या मळाचाच अभिमान. त्याच्या खांद्यावर एक टॉवेल असायचा. त्यानंच तो कपाळ पुसायचा, त्यानंच नाक, त्यानंच झाकण आणि वाढायच्या आधी डेगेची कडसुद्धा. नखांत हळद आणि तंबाखू कायमची जाऊन बसलेली. एकदा माझ्या डोळ्यांदेखत रश्शात माशी पडली. त्यानं ती दोन बोटांनी उचलली, बोटं चाटली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "आच लागली की..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

पण त्याच्या मटणाला माणसं कुठून कुठून यायची, आणि ती यायची त्याच्या पहिल्या वाफेला. मटण शिजत आलं की तो बाटलीतली उरलेली दारू डेगेत ओतायचा. ओतता ओतता एखादा घोट स्वतःच्या नरड्यातही जायचा. मग झाकण ठेवून त्याच्या कडेनं भिजवलेल्या कणकेची जाड वात दाबून बसवायचा आणि वर निखारे पसरायचा. कणीक वाळून कडक झाली की उलथण्याच्या टोकानं ती फोडायची. त्या क्षणाला दहा-पंधरा बाप्ये डेगेभोवती वाकून उभे असत. झाकण सरकलं की भपकारा यायचा, आणि ही माणसं डोळे मिटून तो छातीत भरून घ्यायची. काहींची तर नुसत्या वाफेवर जीभ सैल व्हायची. मी लांब उभा राहून हातरुमाल नाकाला लावायचो.

नंतर त्याच डेगेतून पंगतीला वाढलं जायचं. पंगतीत पोरंबाळं असत, सासरहून आलेल्या लेकी असत, पोट पुढं आलेल्या सुनाही असत. एकदा न राहवून मी म्हटलं, "वस्ताद, यात पोटुश्या बाया आहेत. त्यांना तरी वेगळं काढून ठेवत जा."

"अप्पा, तुमी कवा खाल्लंय का? मग? चुलीवर कसली दारू ऱ्हाती?" तो म्हणाला. "समदं उडून जातंय."

मला दारूतलं काय कळतं, आणि मटणातलं तर त्याहून नाही.

त्याचं घर माझ्या शेडाच्या मागंच, मध्ये छातीएवढी भिंत. बायको वारली होती. एकच मुलगी, राणी. तिला ढोकीकडं दिलेली, जावई उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. राणी बापावर अजिबात गेली नव्हती. ती माहेरी आली की आधी अंगण झाडायची, मग बापाचे कपडे गरम पाण्यात टाकायची. तिच्या हातचा चहा मी भिंतीवरून घेतलेला आहे. त्या घरातलं मी तोंडाला लावलेलं तेवढंच.

दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्या खेपेला मात्र सातवा महिना लागला आणि ती बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या तिला डोहाळा लागला तो बापाच्या हातच्या मटणाचा. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, तुमच्या हातचं मटन खावं वाटतंय. पर दारू नका घालू."

"दारूबिगर? मग त्ये मटन व्हय? उकडल्याली कातडी म्हन त्याला."

"कायबी म्हना. आमच्या गावच्या आशाताई म्हनल्यात, पोटात लेकरू हाय तवर थेंब बी नगं."

वस्ताद दोन दिवस फुरंगटून बसला. तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला तो कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन. एका द्राक्षवाल्या बागायतदाराच्या पुण्यात राहणाऱ्या मुलानं त्याला ती दिली होती. माझ्या गल्ल्यावर, अन्नपूर्णेच्या फोटोखाली, त्यानं ती ठेवली.

"उचला आधी," मी म्हटलं.

"अवो अप्पा, ही दारू न्हाय. वाइन हाय. द्राक्षाचा रस. त्यो पोरगा सांगत व्हता, बाहेरच्या देशात घरोघरी हीच घालतेत सैपाकात, आन पोटुश्या बाया बी खातेत. रगत वाढतंय म्हनं हिनं." त्यानं बाटली प्रेमानं टॉवेलानं पुसली. "राणीला आता काय सांगायला जागाच न्हाय."

राणीला जागा होती. ती बापाच्या मागोमाग आली होती, पायरीवरूनच म्हणाली, "डॉक्टरीणबाईला इचारल्याबिगर म्या घास घेनार न्हाय. मागं दोन्ही टायमाला तुमच्याच हातचं खाऊन सासरी गेले व्हते मी."

ती हे सहज बोलून गेली. तिच्या मनात काही असेल असं मला वाटत नाही. पण वस्तादाचा बाटली पुसणारा हात थांबला. ती पुन्हा कागदात गुंडाळत तो म्हणाला, "अप्पा, तुमचा टेम्पो तालुक्याला जानार हाय न्हवं?"

गेलो. राणीला पुढं बसवलं, तिच्या शेजारी वस्ताद, स्टेअरिंगवर मी. त्यानं सकाळीच लावलेली होती. तुळजापूर येईपर्यंत मी काचेबाहेर नाक काढून गाडी चालवली. तो मध्येच खाकरायचा, बाहेर थुंकायचा, आणि त्यातलं थोडं वाऱ्यानं आत यायचं. या माणसाच्या पोटी ही मुलगी कशी जन्मली, हाच विचार मी सबंध रस्ताभर करत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मान वर न करता लिहीत होत्या. नर्सनं राणीला वजन करायला बाहेर नेलं तशी वस्तादानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मी खुर्ची जरा लांब सरकवली. मी यांच्यातला नव्हे हे बाईंना कळायला हवं होतं.

"हे काय बाबा?"

"वाइन हाय बाई. प्यायला न्हाय, मटनात घालायला. पोरगी इश्वास ठिवंना. तुमी तिला येकदा सांगा, आच लागली की समदं उडून जातंय म्हनून."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "घालता कधी?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आयुष्यात त्याला कुणी विचारला नव्हता. वस्ताद खुलला. फवाऱ्यापासून त्यानं सुरुवात केली. दुसरी एक नर्स दारात होती, तिनं तोंडावर हात धरला. "आन उतरवायच्या टायमाला उरल्याली समदी वततो. कणकंनं झाकान बंद. वर निखारे. जरा सुदीक वाफ भाईर जात न्हाय बगा. झाकान फोडलं की पयल्या वाफंला अशी गर्दी, मानसं येकमेकाच्या अंगावर पडतेत."

"कशाला पडतात?"

"वासाला."

"कसल्या वासाला?"

वस्तादानं टेबलावरच्या बाटलीकडं पाहिलं. मी त्याच्याकडं बघत होतो. इतकी वर्षं मीही त्या वाफेसमोर नाकाला रुमाल लावून उभा होतो, आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं की उडून गेलेल्या दारूचा भपकारा येतो कसा.

बाईंनी समजावून सांगितलं, अगदी साध्या भाषेत. उघड्यावर बराच वेळ उकळलं तर दारू बरीचशी जाते, तरी थोडी राहते. शेवटी ओतून झाकण लावलं तर पुष्कळ राहते. पोटातल्या बाळाला किती चालते हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर नकोच म्हणतात. वाइन असो, देशी असो, बाळाला त्यात फरक नसतो. आधीच दोन वेळा असं झालेलं आहे, तर उगाच जोखीम कशाला घ्यायची?

वस्ताद मान हलवत होता. मग त्यानं दाराकडं पाहिलं, राणी अजून आली नव्हती. तो टेबलावर पुढं झुकला. इतका झुकला की बाईंना वास आला असणार, पण त्या मागं सरकल्या नाहीत.

"बाई, पयल्या दोन येळंला म्याच खाऊ घातलं व्हतं. लाडानं. त्येनंच गेली व्हय लेकरं?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुसऱ्याचं असलं काही ऐकायला मी आलो नव्हतो.

"नाही बाबा," बाई म्हणाल्या. "एखाद्या जेवणातल्या चार घासांनी असं झालं, असं मी म्हणणार नाही. गर्भ पडायची कारणं पुष्कळ असतात, आणि बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते. तो घोर लावून घेऊ नका. आता पुढचं सांभाळा."

त्यानं टॉवेलानं डोळे पुसले, मग नाक, मग टेबलावर जिथं बाटलीचा मळका गोल उमटला होता तो. बाटली त्यानं उचलून पिशवीत टाकली. परत येताना तो एकदाही थुंकला नाही. तेवढ्यापुरती मला बाईंबद्दल कृतज्ञता वाटली.

दोन दिवसांनी सकाळी तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. अंघोळ केलेला, धुतलेला सदरा घातलेला. कालपासून घेतली नव्हती, हे त्यानं सांगायच्या आधी मला कळलं, कारण पहिल्यांदाच त्याच्या अंगाला दारूचा वास येत नव्हता. नुसता तंबाखूचा येत होता, तोही पुरे होता.

"अप्पा, येक पातेलं पायजे."

"शेड उघडं आहे. घ्या की."

"तिकडलं नगं. हितलं पायजे. पांढऱ्या पट्ट्याचं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोकं फिरलं. "मटणाला? वस्ताद, शुद्धीवर आहात ना? त्यात मटण शिजवलं तर ते भांडं मी पुन्हा कुणाच्या सत्यनारायणाला देऊ?"

"तुमीच म्हनताव न्हवं, माझी डेग तीन पान्यानं घासली तरी वास जात न्हाय. लाल पट्ट्याच्या समद्या भांड्यात माझी दारू मुरलीय. माझ्या घरची बी तसलीच. राणीला त्यात कसं घालू?" तो खाली बघत होता. "नवं घ्यायला सोलापूरला जाईन म्हनत व्हतो. पर पाय लटलट करतेत, आन तिला आज खावं वाटतंय."

अंगणात मिरच्या निवडत बसलेली माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो, हे सगळं ऐकत होती. सोवळ्याओवळ्यात ती माझी गुरू. लाल-पांढऱ्याची कल्पनाही तिचीच. आता ही त्याला झाडणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. तिनं मिरचीचं देठ मोडलं आणि म्हणाली, "पोटुशी पोर मागतीय. देऊन टाक."

"अव्वा, मटणाला?"

"परत घेऊ नको म्हणजे झालं."

मी फळीवरचं मधलं पातेलं काढलं, कल्हई नुकतीच झालेलं. त्याच्या हातात न देता पायरीवर ठेवलं, कारण त्याच्या हाताला हात लागू नये ही माझी सवय होती. त्यानं आधी सदऱ्याला हात पुसले आणि मग ते उचललं.

त्या दिवशी मी भिंतीशी गेलो, बघायला नव्हे, शेडाची कडी लावायला. वस्ताद चुलीपुढं बसला होता. टॉवेल खांद्यावर नव्हता, दोरीवर वाळत होता. फवारा नाही, कणीक नाही, पातेल्यावर झाकणसुद्धा नाही. नखं त्यानं कापली होती. मधूनमधून तो रस्सा पळीनं तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि गोंधळून पातेल्याकडं बघायचा. जन्मात पहिल्यांदाच कोरड्या जिभेनं स्वयंपाक करत होता, त्याला चवच कळेना. शेवटी त्यानं आणखी एक मूठ मीठ टाकलं.

राणी उंबऱ्याजवळ ताट घेऊन बसली. पहिला घास घेऊन ती थांबली. "आबा, मीठ लई झालंय."

"मग नगं खाऊ."

"खाती की," ती म्हणाली आणि भाकरी कुस्करून खात राहिली. वस्ताद तिच्याकडं पाठ करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, ते दारू सुटल्यामुळं की कशामुळं, मी विचारलं नाही. मी शेडाची कडी लावली आणि आत गेलो.

राणीला मुलगी झाली, नऊ महिने पूर्ण भरून, चांगली रडकी. मटणाला ते पातेलं दिलं नसतं तर काय झालं असतं हे मला ठाऊक नाही, आणि डॉक्टरीणबाईंनाही ते सांगता आलं नसतं.

तुम्हाला वाटेल, वस्ताद सुधारला. छे. दुसऱ्याच मांडव परतणीला तो गाल फुगवून डेगेपुढं उभा होता, टॉवेल खांद्यावर परत आला होता. फरक एवढाच झाला की पंगतीत पोटुशी बाई दिसली की तो स्वतः उठून तिच्या ताटासमोरून रश्शाची बादली पुढं न्यायचा आणि तिला डाळ वाढायचा. एका सासूनं जाब विचारला तर म्हणाला, "आजच्या मटनात घान हाय." स्वतःच्या मटणाला स्वतःच्या तोंडानं घाण म्हणालेला मी ऐकला आहे. पण "उडून जातंय" हे त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पांढऱ्या पट्ट्याचं पातेलं त्याच्या घरात उंच खुंटीवर टांगलेलं असायचं. राणी आली की खाली उतरायचं, गेली की वर जायचं. ते उतरवायच्या आदल्या दिवशी तो घ्यायचा नाही. एरवी मात्र रोज घ्यायचा आणि शेवटी त्या दारूनंच त्याला खाल्लं. पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. मी भेटायला गेलो तेव्हा खोलीतला वास माझ्या शेडातल्या वासाच्या दसपट होता. मी दारातच उभा राहिलो. तो पडल्या पडल्या खुंटीकडं बोट करून म्हणाला, "अप्पा, त्येला म्या कवा तसला हात लावला न्हाय." मी म्हटलं, "माहीत आहे." त्याला बरं वाटलं असावं. मी आत गेलो नाही, मला जमलं नाही.

तेराव्यानंतर घर बंद करून जायच्या दिवशी राणी दुकानात आली. मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. राणीनं पातेलं माझ्यापुढं ठेवलं.

"हे तुमचं, अप्पा. आबा म्हनत व्हते, अप्पाला द्यायचं ऱ्हायलंय."

परत घेऊ नको, असं अव्वानं सांगितलं होतं. मी ते घेतलं. सवयीनं तोंडापाशी नेलं आणि आत नाक घातलं. एकदा झालं, दोनदा झालं. मी पुन्हा वास घेतला.

"काय बगताव अप्पा?" राणीनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. "चिंच लावून, राख लावून, चांगलं तीन पान्यानं घासलंय मी. कसलाच वास न्हाय त्याला."

"नाही ना," मी म्हटलं. "बरं केलंस."

पण खरं सांगतो, तिनं इतकं घासायला नको होतं.